जुन्या डिझेल गाडीला बायपास ऑइल फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९८ ची टाटा सुमो आहे, एमएच ०९ पासिंगची. इंजिन तेच जुनं, १९४८ सीसीचं, बिनटर्बोचं. तिला बायपास फिल्टर बसवून सहा वर्षं झाली. बॉनेट उघडलं की बघणारा आधी विचारतो, "हे काय जादाचं?" आणि लगेच, "ॲव्हरेज वाढलं का?" दुसऱ्याचं उत्तर इथेच देऊन टाकतो: नाही. बाकीची उत्तरं खाली आहेत.

बायपास फिल्टर म्हणजे नक्की काय?

इंजिनात जो नेहमीचा ऑइल फिल्टर असतो, त्यातून पंपाचं सगळं तेल जातं आणि मग बेअरिंगांकडे पोचतं. मिनिटाला वीस-तीस लिटर तेल त्या कागदातून पार व्हायचं असतं. म्हणून तो कागद मोकळ्या विणीचा ठेवावा लागतो. साधारण २० ते ४० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) मोठा कचरा तो अडवतो, त्याहून बारीक सोडून देतो. वीण घट्ट केली तर कचरा जास्त अडेल, पण तेलही अडेल, आणि बेअरिंग कोरडं पडेल.

बायपास फिल्टरला ही घाई नसते. पंपाच्या तेलातलं पाच-दहा टक्के बाजूला काढायचं, अगदी बारीक माध्यमातून सावकाश गाळायचं आणि परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, सोडायचं, एवढंच त्याचं काम. तो २ ते ५ मायक्रॉनपर्यंतचा कचरा धरतो. नेहमीचा फिल्टर म्हणजे पिठाची चाळण, बायपास म्हणजे वस्त्रगाळ. रोजच्या भाकरीचं पीठ कुणी वस्त्रगाळ करत बसत नाही, पण औषधाचं चूर्ण करतात. शिवाय मुख्य फिल्टर काढायचा नसतो. तो जागेवर राहतो, हा त्याच्या जोडीला येतो.

गॅरेजवाला म्हणतो, "बायपास तर फिल्टरमध्ये असतोच की." खरं आहे का?

तो बायपास व्हॉल्व्हबद्दल बोलतोय. मुख्य फिल्टर चोंदला किंवा थंडीत तेल घट्ट असलं, तर फिल्टरला वळसा घालून न गाळलेलं तेल इंजिनात सोडणारी ती झडप. नाव सारखं, काम बरोबर उलटं. झडप गाळणं टाळते आणि आपण बोलतोय तो फिल्टर जादा गाळतो. फिटरशी बोलताना हा घोळ पहिल्याच वाक्यात मिटवा, नाहीतर अर्धा तास दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर हुज्जत घालत बसाल. माझं तसंच झालं होतं.

हे नवं फॅड आहे का?

उलट, हा फिल्टरचा जुना प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला डब्यासारखा जो ऑइल फिल्टर होता, तो बायपास पद्धतीचाच. थोडं तेल त्यातून जायचं, बाकीचं न गाळताच फिरायचं. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर मुंबईत जोडायला घेतलेल्या जीपा त्याच घराण्यातल्या. पुढे सगळं तेल गाळणारा फिल्टर सार्वत्रिक झाला आणि छोट्या गाड्यांतून बायपास गेला.

मोठ्या डिझेलमध्ये मात्र तो टिकला. कमिन्सच्या एनटी ८५५ इंजिनाला एलएफ ७७७ नावाचा लांबलचक बायपास फिल्टर लागतो. जनरेटर किंवा डंपरवर काम केलेल्या फिटरला तो बघताक्षणी ओळखू येईल. कारच्या बॉनेटखाली तो मावत नाही, तो नाद सोडा. कारमधलं चांगलं उदाहरण मर्सिडीजचं आहे. २४० डी आणि ३०० डी मधल्या ओएम ६१६ आणि ओएम ६१७ इंजिनांचं फिल्टरचं काडतूस, म्हणजे आतला बदलायचा भाग, एकाच डब्यात दोन भागांचं असतं, एक मुख्य आणि एक बायपास. यातलंच ओएम ६१६ बजाज टेम्पोने परवाना घेऊन इकडे बनवलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. गावोगावच्या काळ्या-पिवळ्या वडापमध्ये, म्हणजे शेअर जीपमध्ये, आपण कित्येक वर्षं त्या इंजिनामागे बसून फिरलो आहोत. तुमची गाडी या घराण्यातली असेल तर आधी फिल्टरचा डबा उघडून बघा. दोन भागांचं काडतूस निघालं तर जादा काही बसवायची गरज नाही.

बसवल्यावर तेल मधासारखं स्वच्छ राहील ना?

नाही. डिझेलमध्ये तेल बदलून गाडी गावाबाहेर जाईपर्यंत काळं होतं आणि बायपास लावल्यावरही काळंच राहतं. काजळीचा मूळ कण १० ते ५० नॅनोमीटरचा, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. तो कुठल्याच फिल्टरला सापडत नाही आणि एकटा असेपर्यंत फारसं नुकसानही करत नाही. त्रास सुरू होतो तो कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्यावर. बेअरिंगमधला तेलाचा पापुद्रा काही मायक्रॉनचाच असतो, आणि त्याच मापाची गुठळी किंवा धुळीचा कण त्यात शिरला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. बायपास पकडतो ते हे मधल्या मापाचे कण.

यात एक गंमत आहे. चांगल्या डिझेल ऑइलमध्ये काजळीचे कण सुटे ठेवणारं रसायन घातलेलं असतं. म्हणजे तेल जितकं चांगलं, तितकी काजळी बारीक, आणि तितकी ती फिल्टरच्या हाती कमी लागते. तेव्हा डिपस्टिकला बोट लावून "अजून काळंच आहे" म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. काळेपणावरून तेलाचा कस कळत नाही.

फायदा होतो याला पुरावा काय?

१९८८ साली जनरल मोटर्सच्या संशोधनातून पुढे आलेला एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. ४० मायक्रॉनच्या फिल्टरशी तुलना करता ३० मायक्रॉनने गाळल्यावर इंजिनाची झीज निम्म्यावर आली आणि १५ मायक्रॉनने ती ७० टक्क्यांनी घटली. फिल्टर विकणारे हा आकडा छातीठोकपणे सांगतात, पण तो अभ्यास गाळणीच्या बारीकपणाचा होता, बायपासचा नव्हे. त्यातून बारीक गाळलेलं चांगलं हे सिद्ध होतं. तुमच्या गाडीचं आयुष्य किती वाढेल हे त्यातून निघत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीचं. त्यांनी २००२ पासून आपल्या डिझेल बसना बायपास फिल्टर लावून चाचणी घेतली. दर १२,००० मैलांना फिल्टर बदलायचे, तेलाचा नमुना तपासायचा आणि तेल नापास झालं तरच बदलायचं. तेलाची मोठी बचत झाली. पण त्या बसच्या चेंबरमध्ये आपल्या गाडीच्या कित्येक पट तेल असतं आणि त्या रोज लांब पल्ला धावतात. सकाळी मुलांना शाळेत सोडून परत येणाऱ्या गाडीला ते गणित लागू होत नाही.

तो काय करत नाही?

तेलात विरघळलेलं काहीच तो काढत नाही. गळक्या नोझलमधून तेलात आलेलं डिझेल तसंच राहतं. ॲसिड तसंच राहतं आणि ते मारणारा क्षार संपला की संपला. सेल्युलोजचा फिल्टर थोडं पाणी शोषतो, पण हेड गॅस्केटमधून कूलंट येत असेल तर त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

ॲसिडच्या बाबतीत आपलं नशीब बरं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत चालायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ डिझेलला मर्यादा १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) आहे, म्हणजे तेव्हाच्या मर्यादेचा हजारावा हिस्सा. जुन्या इंजिनाचं तेल आज पूर्वीइतकं लवकर आंबट होत नाही.

माझ्या गाडीला लावू का?

आधी दोन तपासण्या करा, दोन्ही फुकट आहेत. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढा. भकाभका धूर येत असेल, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, तर रिंगा गेल्या आहेत. अशा इंजिनात दर मिनिटाला नवी काजळी खाली उतरते. तिथे बायपास लावणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

दुसरी तपासणी एअर फिल्टरची. डब्यापासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी पायपात आतून बोट फिरवा. धूळ लागली तर कुठेतरी हवा चोरून आत जातेय. शंभर रुपयांच्या क्लॅम्पने थांबणारी धूळ हजारोंच्या फिल्टरने तेलातून वेचत बसायची, हा उफराटा धंदा झाला. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्यांनी हे आधी करावं आणि पुढचं सगळं नंतर वाचावं.

दोन्हीत गाडी पास झाली आणि ती अजून दहा वर्षं ठेवायची असेल, तर लावा.

कोणता प्रकार घ्यावा?

घट्ट गुंडाळलेल्या कागदाचा किंवा सुती धाग्याचा, ज्याचं काडतूस बदलता येतं असा. तेल त्यात लांबून, सगळ्या थरांमधून जातं. दुसरा प्रकार स्पिन-ऑन, म्हणजे हाताने फिरवून लावायचा तयार डबा. तो सोयीचा पडतो, पण तो पुढेही मिळत राहील याची खात्री करून घ्या. तिसरा सेंट्रिफ्यूज, तेलाच्याच दाबावर गरगर फिरून कचरा भिंतीला चिकटवणारा. गाळायला उत्तम, पण त्याला कायम चांगला दाब लागतो आणि बाहेर पडणारं तेल केवळ उताराने परत जायला हवं. दोन लिटरच्या दमलेल्या इंजिनावर तो रुसतो.

टॉयलेट पेपरचा रोल घालून चालतं म्हणे?

अमेरिकेत फ्रान्ट्झ नावाचा फिल्टर असाच चालतो आणि त्याचे भक्त आजही आहेत. पण रोल किती घट्ट गुंडाळलाय, किती रुंद आहे, यावर सगळा खेळ. सैल रोलमधून तेल कडेने पळ काढतं, आणि कागद सुटला तर त्याचा लगदा तेलाच्या वाटेत जातो. शिवाय आपल्याकडे ती वस्तू घरात असेलच असंही नाही. मी करणार नाही.

तेल कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं?

हाच खरा प्रश्न. इथे चूक झाली तर फिल्टर नसलेलाच बरा.

घ्यायची सोपी जागा म्हणजे ऑइल प्रेशर स्विचचं भोक. स्विच काढायचा, तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, बसवायची, टीच्या एका तोंडाला स्विच परत लावायचा आणि दुसऱ्यातून होज, म्हणजे लवचीक पाइप, काढायचा. आटे नीट ओळखा. काही गाड्यांना १० मिमीचे सरळ मेट्रिक आटे असतात, बऱ्याच जपानी इंजिनांना एक अष्टमांश इंचाचे उतरते पाइप आटे. दोन्ही एकमेकांत दोन फेरे जातात आणि मग ब्लॉकमधले आटे खातात. जुना स्विच खिशात घालून लेथवाल्याकडे न्या. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात स्विच हातात घेऊन टर्नरने आटे बघितले आणि दीड तासात टी हातात दिली. टी पितळेची नको, पोलादाची घ्या. डिझेलच्या थरथराटात लांब पितळी टी मानेपाशी चिरते.

मग अडथळा, म्हणजे बारीक भोकाचा निपल. तो नसेल तर तेलाला चेंबरकडे जायला मोकळा रस्ता मिळतो आणि बेअरिंगांचा वाटा जातो. भोक १ ते १.५ मिमी. गरम तेल ३ बार दाबाला असताना १ मिमीच्या भोकातून मिनिटाला साधारण पाऊण लिटर जातं, १.५ मिमीतून पावणेदोन लिटर, ३ मिमीतून जवळजवळ सात लिटर. भोक दुप्पट केलं की तेल चौपट, हे फिटरला सांगून ठेवा. "थोडं मोठं मारलं, चोंदायला नको" हे वाक्य ऐकून मी एक निपल परत केला आहे.

हा निपल फिल्टरपाशी नव्हे, इंजिनापाशी बसवा. काही तयार फिल्टरांत तो आतच दिलेला असतो, तरी इंजिनाकडे एक घाला. कारण पुढे होजच्या प्रश्नात येईल.

परतीचं तेल बिनदाबाचं, हळू येणारं असतं. ते टॅपेट कव्हरवर किंवा ऑइल भरायच्या झाकणाला निपल लावून सोडणं सर्वांत सोपं. चेंबरच्या ड्रेन बोल्टला जोडलेली परत दिसायला सुबक, पण ती रस्त्याच्या सर्वांत जवळ लोंबते आणि आपले स्पीडब्रेकर सगळ्यांना माहीत आहेत. टर्बो असेल तर टर्बोच्या परतीच्या नळीत कधीही टी टाकू नका. ती नळी मोकळी राहिली नाही तर टर्बोच्या सीलमधून तेल बाहेर येतं.

ऑइल प्रेशर कमी होईल का?

भोक योग्य असेल तर गेजवर काटा जेमतेम हलेल. बसवण्याआधी इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगवरचा दाब मोजा आणि वहीत लिहा, नंतर पुन्हा मोजा. काट्याचा गेज नसेल तर टीवर आधी तो बसवा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. बसवण्याआधीच गरम आयडलिंगला दाब एक बारच्या खाली असेल, तर बायपासचे पैसे बेअरिंगांसाठी राखून ठेवा.

होज कोणता?

हायड्रॉलिकचा, आत तारेची जाळी असलेला, दोन्ही टोकांना क्रिम्प केलेला. डिझेलचा रबरी पाइप आणि जुबली क्लिप अजिबात नाही. सकाळी थंड तेलाचा दाब पाच-सहा बारवर सहज जातो.

माझी फजिती सांगतो. फिल्टर मी बॉडीवर बसवला आणि होज नेमका मापाचा कापला, कारण लोंबतं काही मला आवडत नाही. इंजिन गळा काढताना केवढं हलतं हे मी विसरलो होतो. होज ताणला जाऊन ब्रॅकेटच्या कडेला घासत राहिला आणि तिसऱ्या महिन्यात गगनबावड्याहून खाली करूळ घाट उतरताना फुटला. एका वळणावर जळक्या तेलाचा वास आला, गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली. डिपस्टिकच्या टोकाला तेल होतं, एवढंच. दीड मिमीचा निपल इंजिनापाशी होता म्हणून तेवढं उरलं. त्या भोकातूनही पाच लिटर तेल तीन मिनिटांत जातं, तेव्हा निपल होता म्हणून निर्धास्त राहू नका. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर ते तेल पडलं असतं तर पेटलंही असतं.

तेव्हापासून होजला चार बोटं झोळ, जिथे टेकेल तिथे रबरी आवरण, आणि मॅनिफोल्डपासून वीतभर अंतर. गाडीत एक आंधळा, म्हणजे तोंड बुजवायचा, बोल्ट कायम असतो, टीच्या आट्याचा. होज गेला तर तो ठोकायचा, चेंबर भरायचा आणि घरी यायचं.

पहिल्यांदा चालू करताना काय करायचं?

फिल्टर शक्य तेवढा आधी तेलाने भरून घ्या. इंजिन पाच मिनिटं चालवा, सांधे पुसून बघा, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी उतरलेली असेल, कारण फिल्टरच अर्धा ते दीड लिटर पितो. तेवढं वरून घाला. परतीचा होज हाताला गरम लागला पाहिजे. थंडच राहिला तर तेल फिरत नाही, बहुतेक निपल तुंबलाय.

मग ऑइल किती किलोमीटरला बदलायचं?

पहिली दोन वर्षं नेहमीच्याच अंतराला. त्यानंतर वाढवायचं असेल तर अंदाजाने नको, प्रयोगशाळेच्या अहवालावर. अहवालात काजळीचं प्रमाण, लोखंड, तांबं, शिसं, सिलिकॉन, डिझेलची भेसळ आणि उरलेला क्षार बघा. सिलिकॉन वाढलं म्हणजे धूळ, एअर फिल्टरकडे जा. शिसं आणि तांबं एकत्र वाढलं म्हणजे बेअरिंग बोलतंय. घट्टपणा १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये हवा, १५ डब्ल्यू ४० ऑइलचा तो पट्टा. त्याखाली गेलं तर बहुधा डिझेल मिसळतंय, वर गेलं तर काजळीने घट्ट झालंय.

अहवाल एकटा फार काही सांगत नाही. तीन-चार ओळीने काढले, की आकड्यांचा कल दिसतो.

मी स्वतः अंतर दीडपट केलं आणि तिथेच थांबलो. चारपट केलेले लोक भेटतात. अहवाल विचारला की विषय बदलतात.

पीयूसीला मदत होते का?

नाही. जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. तो धूर नोझल, पंप आणि एअर फिल्टर ठरवतात.

आरटीओची अडचण?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसी बुकातल्या तपशिलात फरक पडेल अशा बदलांवर आहे. इंजिन, इंधन, बॉडी यातलं इथे काहीच बदलत नाही. मागच्या फेरनोंदणीला माझी गाडी याच फिल्टरसह गेली होती. इन्स्पेक्टरने त्याकडे बोट दाखवून "हा काय, नवीन हॉर्न?" एवढंच विचारलं.

पैसे वसूल होतात का?

तेलाच्या बचतीतून, घरच्या गाडीला, नाही. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं तेल एकदाच बदलतं. ते दीड वर्षावर गेलं तरी वाचून किती वाचणार? वडापची किंवा दुधाची गाडी, महिन्याला पाच हजार किलोमीटर पळणारी, तिथे हिशोब जुळू शकतो. बाकी आपण हे हौसेने करतो. या इंजिनाचे क्रँक आणि पिस्टन पुढे मिळतील न मिळतील, म्हणून आहे ते जपायचं. हौसेचा खर्च हौस म्हणूनच लिहावा, बचत म्हणून बायकोला सांगू नये. पकडले जातो.

स्विफ्टसारख्या १.३ लिटर कॉमन रेल डिझेलला चालेल?

बसेल, पण मी आधी तेल वेळेवर बदलेन. त्या इंजिनाच्या टायमिंग चेनचा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, दाबाशी खेळ तिथे महागात पडतो. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या नव्या गाड्यांत तर तो फिल्टर जाळून साफ होताना डिझेल तेलात उतरतं, आणि ते काढणं बायपासला जमत नाही हे वर आलंच.

गाडी विकताना काढून घ्यावा का?

काढा. नव्या मालकाला त्याचं काडतूस बदलायचं असतं हे लक्षात राहणार नाही, आणि होज तर कुणी बघतच नाही. टी काढून स्विच तांब्याच्या नव्या वायसरवर परत बसवा, परतीचं निपल असलेलं झाकण बदला आणि तेलाची पातळी फिल्टरशिवाय पुन्हा जुळवा. काढताना उरलेलं तेल फिल्टरमध्येच असतं, खाली पातेलं ठेवा. स्वयंपाकघरातलं नको.